मागचे दार आणि न लिहिलेले नाव

जळगावच्या मेहरूण भागातील ती घरफोडी मला आजही तपशिलासह आठवते, आणि त्याचे कारण चोर नाही. चोर मी पुष्कळ पाहिले. आठवते ती फिर्यादी बाई. त्या हयात आहेत म्हणून नाव लिहीत नाही. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही तेच म्हणतो.

अक्का निवृत्त शिक्षिका. यजमान वारलेले, दोन्ही मुले पुण्यात नोकरीला. तलावापासून थोड्या अंतरावर त्यांचे बैठे घर होते. घरामागे फरशी घातलेली मोकळी जागा, तिच्यात कढीपत्ता आणि काही कुंड्या, आणि त्या जागेकडे उघडणारे ॲल्युमिनियमचे, काचेचे सरकते दार. पलीकडे कमरेएवढी कंपाउंडची भिंत आणि मग रिकामे प्लॉट. घराचे नूतनीकरण केले तेव्हा उजेड यावा म्हणून मुलांनी ते दार हौसेने बसवून घेतले होते.

भाच्याच्या लग्नासाठी अक्का धुळ्याला गेल्या. परत आल्या तेव्हा पुढचे कुलूप जागेवर, मागचे दार आतून बंद, आणि कपाट मात्र उघडे. पाटल्या, पोत, सुनेसाठी करून ठेवलेला हार, सगळे गेले होते.

मी तेव्हा त्या भागातील पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. पंचनामा केला, ठसेतज्ज्ञ बोलावले, श्वानपथक आणले. कुत्रे मागच्या भिंतीपाशी घुटमळले, रिकाम्या प्लॉटवरून डांबरी रस्त्यापर्यंत गेले आणि थांबले. गल्लीच्या तोंडाशी कॅमेरा होता, पण तो पुढच्या रस्त्यावर रोखलेला. कोठेही तोडफोड नाही. अशा वेळी तपास अधिकारी पहिला प्रश्न विचारतो तो किल्लीचा. पुढच्या दाराच्या किल्ल्या दोन होत्या. एक अक्कांकडे, दुसरी त्यांच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईकडे. अक्का गावाला गेल्या की तीच कुंड्यांना पाणी घालत असे. तिला मी ताई म्हणेन.

संध्याकाळपर्यंत दोन्ही मुले पोहोचली. मोठा मुलगा ठाण्यात माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "साहेब, यात तपास करण्यासारखं काय आहे? किल्ली तिच्याकडे होती. संशयित म्हणून तिचं नाव लिहा."

मी अक्कांकडे पाहिले. फिर्याद त्यांची होती.

"मी तिला घेताना पाहिलंय का?" अक्का म्हणाल्या.

"आई, कुणीच पाहिलेलं नाही. पण दुसरं कोण असणार?"

"कोण ते साहेब शोधतील. मी न पाहिलेलं लिहून देणार नाही. किल्ली तिच्याकडे होती, हे खरं आहे, तेवढं लिहा."

मुलगा बराच वेळ समजावत राहिला. शेवटी त्याने आवाज चढवला. अक्कांनी पदर सावरला, फिर्याद एकदा वाचून घेतली आणि सही केली. मी नोकरीत शेकडो फिर्यादी घेतल्या आहेत. चोरी झालेला माणूस दुखावलेला असतो, त्याला तिथल्या तिथे कोणाचे तरी नाव हवे असते. ज्या बाईचे आयुष्यभराचे सोने गेले आहे, ती इतके तोलून बोलते, हे मी क्वचितच पाहिले.

दोन दिवसांत खबर आली. माझा एक जुना खबऱ्या जामनेरच्या बाजारात नेहमी असे. त्याने सांगितले, की मेहरूणमध्ये कामाला जाणाऱ्या एका बाईने तिथल्या सराफाकडे सोने मोडले. वर्णन ताईशी जुळत होते. ही बातमी मुलांच्या कानावर कशी गेली कोणास ठाऊक, पण तासाभरात मोठ्याचा फोन आला. "आता तरी पटलं ना, साहेब?" वरूनही विचारणा सुरू झाली, की अटक कधी करताय.

चौकशीसाठी बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचे नसते, तिच्या घरी जायचे असते. महिला हवालदाराला बरोबर घेऊन मी दुपारी ताईच्या घरी गेलो. दोन खोल्यांचे पत्र्याचे घर. पोलिसांची गाडी गल्लीत शिरली की लोक कामे टाकून उंबऱ्यात येतात. त्या नजरा घरातल्या माणसाला सोसाव्या लागतात. ताई दाराशी उभी होती. सोन्याबद्दल विचारले तर तिने आधी नवऱ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. नवरा कोपऱ्यात बसला होता आणि तिच्याकडे रागाने पाहत होता.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. अक्का उतरल्या; मी इकडे आल्याचे त्यांना मुलाकडून कळले असावे. गुडघे दुखत असल्याने एकेक पायरी जपून चढल्या, आत आल्या आणि ताईशेजारी चटईवर बसल्या.

"अक्का, चौकशी चालू आहे," मी म्हणालो.

"करा ना. मी मध्ये बोलणार नाही. उन्हातून आलेय, पाणी तरी मिळेल का?"

ताईने पाणी दिले. हवालदार बाईंनी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितले. दारातली गर्दी गोंधळली. जिच्या घरी चोरी झाली तीच बाई संशयिताच्या हातचे पाणी पीत होती. एकेक करून माणसे पांगली. अक्कांनी ताईचा हात हातात घेतला आणि एवढेच म्हणाल्या, "खरं आहे ते सांग. माझ्याकडे बघून सांग."

ताई धुळ्याकडची, सोनगीरजवळच्या खेड्यातली. तिच्या बोलीत तिने सांगितले, "ते सोनं मन्हं शे, अक्का. मन्ही मायनं दिधेल शे. पोरले नर्सिंगले घालानं व्हतं. घरमा समजतं ते हाई पैसा ऱ्हातीच नही, म्हनीसन जामनेरले गऊ."

मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिने आईने दिलेला दागिना मोडला होता. घरात कळले असते तर ते पैसे उरले नसते, म्हणून गुपचूप दुसऱ्या गावी जाऊन मोडला. सराफाची पावती तिने पिठाच्या डब्यामागून काढून दिली. दागिना निराळा होता, अक्कांच्या वस्तूंपैकी नव्हता.

तरीही माझे काम संपले नव्हते. मी विचारले, "अक्का गेल्यावर मागचं दार तू लावलंस का?"

"लावं व्हतं. पन ते आसं लागत नही, साहेब. हात धरीसन दार वर उचलनं पडस, तव्हय कडी फिरस."

"रोज?"

"बठ्ठा उन्हाळाभर. जाळीवाला ईसन गया, तव्हयपासून जास्तीच खाले बसनं."

उन्हाळाभर हे असेच, आणि जाळीवाला येऊन गेल्यापासून दार आणखीच खाली बसले, असे ती म्हणत होती. मी पेन खाली ठेवले. खोटे बोलणारा माणूस स्वतःला अडचणीत आणणारी गोष्ट आपणहून सांगत नाही. दार कसे उचलायचे हे मला माहीत आहे, असे ती सहज सांगून मोकळी झाली होती. बंद करण्यासाठी जे दार उचलावे लागते, ते उघडण्यासाठीही उचलता येईल, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

आम्ही सगळे तसेच अक्कांच्या घरी गेलो. मी आतून दार लावले. ताईने सांगितल्याप्रमाणे उचलून कडी फिरवली, दार ओढून पाहिले, पक्के वाटले. मग शिपायाला बाहेरून प्रयत्न करायला सांगितले. त्याने काचेच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून दार वर उचलले आणि बाजूला सरकवले. कसलाही आवाज न होता दार उघडले. बाहेर जाऊन तसेच उचलून लावले आणि खाली सोडले, तर आतला आकडा आपल्या जागी बसला. दार पुन्हा आतून बंद.

स्टेशन रोडच्या एका ॲल्युमिनियम दुकानदाराला बोलावून पंचांसमोर दार उतरवले. दाराखालची चाके एका बाजूने झिजून सपाट झाली होती. चाके झिजली की दार खाली बसते, वर तेवढीच मोकळी जागा सुटते आणि आकडा चौकटीतल्या खाचेसमोर येत नाही. शिवाय लॉक जड लागते म्हणून अक्का त्यात खोबरेल तेल सोडत. आपल्याकडची धूळ त्या तेलात बसून चिखल झाला होता. आकडा पूर्ण फिरतच नव्हता, नुसते टोक अडकत होते.

आता प्रश्न जाळीवाल्याचा. डासांची जाळी बसवून देणारा एक माणूस उन्हाळ्यात मोटारसायकलवर रोल बांधून त्या भागात फिरला होता. मी धुळ्यातील एका सहकाऱ्याला फोन करून विचारले, मागचे सरकते दार बंद असताना झालेली चोरी तुमच्याकडे आहे का. तो म्हणाला, "आहे. आणि मीही घरच्या नोकरालाच विचारत बसलोय." त्याने त्या घरी विचारले. जाळी तिथेही नवीनच होती.

त्या घरी मिळालेल्या फोन नंबरावरून जाळीवाला सोनगीरला हायवेलगतच्या एका गाळ्यात सापडला. शांत, नीटनेटका, उत्तरे देण्यात तत्पर. मी त्याला सोन्याबद्दल काहीच विचारले नाही. जाळी कशी बसवतात तेच विचारत राहिलो. त्याला वाटले असावे, की हा मुद्दा आपल्या फायद्याचा आहे. तो म्हणाला, "मी दाराला हातच लावत नाही, साहेब. सगळं काम बाहेरून होतं."

अक्कांच्या घरून आणलेले ते सरकते दार मी टेबलावर आडवे ठेवले. त्याने बसवलेली जाळीची पट्टी दाराच्या खालच्या कडेखाली दाबलेली होती. दार रुळावरून उचलून काढल्याशिवाय ती तिथे जाणे शक्य नव्हते.

"मग ही पट्टी खाली कशी गेली?"

त्याने पट्टी बोटाने ओढून पाहिली. नंतर पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर त्याने सांगायला सुरुवात केली. जाळी बसवताना कोणते दार ढिले आहे ते त्याला कळे, आणि घर कधी रिकामे असते ते बोलता बोलता घरचेच सांगत. अक्कांनी त्याला लग्नाला जायचे असल्याचे स्वतःच सांगितले होते. दोन्ही घरांचा बहुतेक ऐवज पंचांसमोर त्याच्या गाळ्यातून मिळाला. अक्कांचा हार त्याने गहाण टाकला होता, तोही हस्तगत झाला. न्यायालयाच्या आदेशाने मुद्देमाल परत दिला.

सोने ताब्यात मिळाले त्या दिवशी अक्का मोठ्या मुलाला म्हणाल्या, "आता चल."

"कुठे?"

"तिच्या गल्लीत. पोलिसांची गाडी सगळ्यांनी पाहिली, तुझं तोंडही सगळ्यांनी पाहिलं पाहिजे."

मुलगा गेला. त्याला ते सोपे गेले नाही, हे हवालदार बाईंनी मला नंतर सांगितले. तो ताईच्या दारात उभा राहिला आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे बोलला, की चोर दुसराच निघाला, माझं चुकलं. ताईने आत जाऊन चहा ठेवला. कामावर मात्र ती लगेच आली नाही. तिने स्वतःला हवा तेवढा वेळ घेतला, आणि अक्कांनी निरोपही पाठवला नाही. एक दिवस ती आपणहून आली. मुलगी नर्सिंगला गेली.

या गुन्ह्यानंतर कोणाच्याही घरी गेलो, की माझी नजर मागच्या दाराकडे जाते. सरकते दार दोन हातांनी उचलून पाहा, वर हलत असेल तर चाके बदला, वरच्या पट्टीत अडकण लावून घ्या. रूळ कोरड्या ब्रशने साफ करा. लॉकमध्ये खाण्याचे किंवा डोक्याचे तेल घालू नका, पेन्सिलीच्या शिशाची पूड चालते. रुळात दाराच्या मापाची काठी आडवी टाकली तरी पुष्कळ काम होते. निवृत्तीनंतर मी हे इतक्या घरांत सांगितले आहे, की नातेवाईक हसतात.

पण त्या प्रकरणाने मला दिले ते यापेक्षा मोठे आहे. फिर्यादीत ते एक नाव आले असते, तर खबर, किल्ली आणि सराफ ही सगळी साखळी ताईच्या गळ्यात सहज बसली असती. माझ्यावर दबाव होता आणि माझ्याकडे दुसरा धागा नव्हता. अक्कांनी मला वेळ दिला. तपासात त्याहून मौल्यवान काही नसते, आणि तो पोलिसाला स्वतः मिळवता येत नाही, कोणीतरी द्यावा लागतो.

बदलीचा हुकूम आला तेव्हा मी त्यांचा निरोप घ्यायला गेलो आणि हे त्यांना बोलून दाखवले. म्हणालो, "अक्का, तुमचे आभार मानायचे राहिले होते."

त्या कुंडीतली पाने खुडत होत्या. म्हणाल्या, "आभार कसले, भाऊ? मला माझं दार धड लावता येत नव्हतं. त्यासाठी दुसरीला चोर म्हणायचं का?"