बिनडोळ्यांचा आदाम

आमचे बाबा कुणाचं ऐकत नाहीत हे मला कळत्या वयापासून माहीत आहे. ते देवाचंही ऐकत नाहीत, हे मात्र त्या श्रावणात कळलं.

घोडबंदर रोडच्या टॉवरांच्या मागे एक जुनं गाव अजून तग धरून आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत चर्चचा नवा हॉल बांधला. नाताळच्या गोठ्यामागचा पडदा बाबा तिथे वर्षानुवर्षं रंगवत आलेले, म्हणून फादरनी हॉलची लांबलचक भिंतही त्यांनाच दिली. विषय काय, तर देवाने सहा दिवसांत जग कसं घडवलं. एका दिवसाला एक चौकट. बाबांचं वय चौऱ्याहत्तर. म्हणजे शिडीवर चढणार ते आणि शिडी धरणार मी! ऑफिसात रजा टाकायची, कोपरीहून रोज सकाळी रंगांचे डबे आणि बाबा असे दोन्ही बसमध्ये चढवायचे, आणि ट्रॅफिकमध्ये तासभर त्यांची बडबड ऐकायची. नाकी नऊ आलेले माझ्या.

बाबांचा मूळ धंदा गणपतीचा. कोपरीत आमचा छोटा कारखाना होता. मूर्तीला रंग कुणीही द्यावा, मीही दिलाय. पण डोळ्यांची आखणी फक्त बाबांची, आणि तीही सगळ्यात शेवटी. दहावीत असताना मी एका छोट्या मूर्तीचे डोळे गुपचूप आखले होते. बाबांनी ते बघितले. खांद्यावरचं ओलं फडकं घेतलं, मी आखलेले डोळे पुसून टाकले आणि स्वतः परत आखले. तो राग अजून आहे माझ्या मनात, खोटं कशाला बोलू?

फादरनी त्यांना गोष्ट वाचायला दिली. बाबांनी ती दोनदा वाचली आणि चूक काढली. "हा देव रोज संध्याकाळी आपलं काम बघतो आणि छान झालंय म्हणतो. इतक्या लवकर? एक दिवस वाळू तरी द्यावं." मी मोबाइलवर परदेशातल्या चर्चमधली जुनी चित्रं दाखवली. त्यातल्या आदामाचे दंड बघून म्हणाले, "हा आत्ता मातीतून उठलाय की जिममधून?"

पण कामाला लागल्यावर पहिल्या चार चौकटी अशा केल्या की मीही गप्प बसले. अंधारातून फुटणारा उजेड, पाणी, झाडं, सूर्यचंद्र. पाण्यावर तर नुसती थरथर होती, बघत राहावं अशी. पाचव्या चौकटीत मासे आणि पक्षी. पक्षी लांब, आभाळात टिकलीएवढे. माशांचे डोळे त्यांनी ब्रशने काढलेच नाहीत, रंगात अंगठा बुडवून नुसते ठिपके ठेवले. मला वाटलं, काहीतरी नवीन पद्धत असेल.

सहाव्या चौकटीपासून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. हत्ती, बैल, हरणं, सिंह, सगळे पाठमोरे! पूर्ण भिंतभर शेपट्या. फादर तरुण होते, सोशिक होते, पण तेही बघत राहिले.

"काका, हे सगळे तिकडे कुठे चाललेत?"

"बारशाला," बाबा म्हणाले. "आदामाने सगळ्यांना नावं ठेवली असं तुमच्याच पुस्तकात आहे ना? मग रांग लावायला नको?"

बागेतला साप काढला तोही पाठमोरा, फणा उभारलेला नाग, मागे दहाचा आकडा ठळक. नागपंचमीला हॉल झाडायला येणाऱ्या बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि खाली लाह्या ठेवल्या. फादर हसावं की रडावं अशा चेहऱ्याने माझ्याकडे आले. "ताई, आमच्या गोष्टीत हा सगळ्या भानगडीचं मूळ आहे हो!" मी कपाळावर हात मारला आणि कुंकू पुसायला घेतलं.

मग आदाम आणि हव्वा. शाडूच्या रंगाचे, सडपातळ, जरा वाकलेले. चेहरे मोठाल्या ब्रशने नुसते छायेत उमटवलेले, आणि डोळ्यांच्या जागी काहीच नाही. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. उजेड बरोबर नाही. रंग घट्ट झालाय. आज अमावास्या. फादरनी विचारलं तर म्हणाले, "मातीचा आहे तो. आमच्यात मातीला डोळे शेवटी."

"काका, शेवटच चालू आहे! रविवारी बिशप येतायत हॉलला आशीर्वाद द्यायला. शुक्रवार संध्याकाळपर्यंत डोळे झाले नाहीत तर मी तयार चित्राचा प्रिंट काढून त्या चौकटीवर चिकटवतो. माझा नाइलाज आहे."

बाबांच्या कामावर आजवर कुणी कागद चिकटवला नव्हता. मला वाटलं, आता तरी हलतील. गुरुवारी सकाळी शिडी लावली, बारीक ब्रश हातात दिला. बाबांनी तो बघितला, परत डब्यात ठेवला आणि म्हणाले, "भिंतीला ओल आलीय. आज नको."

भिंत ठणठणीत कोरडी होती. मग मात्र माझा तोल गेला. फादर दारात, झाडणाऱ्या बायका आत, आणि मी ओरडले, "पुरे झालं, बाबा! कधी उजेड, कधी अमावास्या, आता ओल. नाचता येईना अंगण वाकडं!"

एरवी एका वाक्याला चार ऐकवणारा माणूस. बाबांनी फक्त उजवा हात पँटच्या खिशात घातला.

त्या खिशातल्या हाताकडे मी बघत राहिले आणि एकेक गोष्ट आठवत गेली. कित्येक महिने चहा दोन्ही हातांनी पितात. शर्ट सोडून बिनबटणांचे टी-शर्ट घालायला लागले. बारीक काम आलं की मला हटकून पाणी आणायला पिटाळतात. अंगठ्याचे ठिपके, टिकलीएवढे पक्षी, भिंतभर शेपट्या. मीच शिडी धरून उभी होते आणि मलाच दिसलं नाही. लाज वाटली मला, आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदम.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "कधीपासून?"

"गेल्या गणपतीपासून."

"अहो, मग सांगायचं नाही? डॉक्टरकडे गेलो असतो."

"डॉक्टर काय आदामाचे डोळे काढणारे?"

आता काय बोलायचं ह्या माणसाला! कोपरी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण डोळ्यांतलं पाणी त्यांना दाखवायचं नव्हतं.

शुक्रवारी हॉलमध्ये पोचल्यावर बाबांनी बारीक ब्रश माझ्यासमोर धरला. धरला तोच लटपटत.

"मी नाही काढणार," मी म्हटलं. "तुम्ही पुसून टाकता."

"मग चिकटव त्यांचा कागद."

मी चढले. आदामाच्या चेहऱ्याजवळ ब्रश नेला तर शिडीच हलत होती. खाली बघितलं, बाबांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"बाबा, शिडी सोडा."

"सोडली. आता श्वास धर, आणि रेघ संपेपर्यंत टाकू नको."

दुपारपर्यंत आदामाचे झाले, चारपर्यंत हव्वेचे. मी खाली उतरले तेव्हा मान आखडली होती. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते, उजवा हात खिशात. तेवढ्यात फादर आले.

"अरे वा, काका! शेवटी काढलेत तुम्ही!"

"बाबांनीच काढले," मी घाईने म्हटलं.

"खोटं कशाला बोलतेस?" बाबा खेकसले. "तो डावा बघ, वर गेलाय. लोक म्हणतील मी काढला."

ते खुर्चीतून उठले. उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि फादरसमोर, त्या बायकांसमोर, आदामाच्या डाव्या डोळ्याकडे बोट दाखवलं. बोट भिंतीपुढे सारखं हलत होतं आणि त्यांनी ते मागे घेतलं नाही.

"हिने काढलेत," ते म्हणाले. "डावा जरा वर गेलाय. पण बघतोय."

ओलं फडकं त्यांच्या खांद्यावरच होतं. त्याला त्यांनी हात लावला नाही.