मी सॅमन झाले तेव्हा

न्यूझीलंडमधल्या वानाकाच्या तळ्याकाठच्या दुकानात मी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घ्यायला गेले होते. गमबूट घातलेल्या एका अनोळखी आजींनी "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत माझ्या बोटाला दोरी गुंडाळली. "जरा सॅमन हो. पळ!"

दोरीचं दुसरं टोक त्यांच्या हातातल्या मासेमारीच्या रॉडला होतं. चालत्या बोटीमागे गळ सोडून सॅमन धरायचा, म्हणून त्या रॉड निवडत होत्या. मी दुकानात विक्रीला मांडलेल्या तंबूंच्या मागे पळाले. रॉड ताठ होता. एका हिसक्यात दोरी सुटली.

"गेलीस! सॅमनचं तोंड मऊ असतं गं, ताठ रॉडने फाटतं. लोक मूठ बघून रॉड घेतात. मी माशाला विचारते."

ऑफिसात माझं मत इतक्या मनापासून कुणी विचारत नाही. पुढच्या रॉडची दोरी बांधून घेऊन मी आणखी जोरात पळाले. चौथा रॉड मात्र माझ्या प्रत्येक हिसक्याला नुसता वाकत राहिला, आणि मी दमून निमूट गमबुटांपाशी आले.

"हाच घेते!" आजी खूश झाल्या. मग माझी पाच फुटांची उंची त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. "पण तू मापात बसत नाहीस. लहान मासे परत सोडायचे असतात."

त्यांनी दोरी सोडली, दार उघडलं आणि मला अलगद बाहेर ढकललं. समोर तळं होतं. जँडल्स आतच राहिल्या.