आत्याच्या अंगणातलं अर्थिंग

इलेक्ट्रिक गाडीनं लांब जायचं असेल तर सोबतचा माणूस शांत हवा, हे आधीच सांगून ठेवते. माझा नवरा शांत नाही. मध्य प्रदेशातल्या तामियाला जायचं ठरलं त्या दिवशीच नरेशनं फोनवर चार्जिंगची चार ॲप उतरवली आणि जेवतानाही तीच उघडून बसायला लागला.

खरं तर तामिया हे निमित्त होतं. येताना सौंसरहून माझ्या आत्याला नागपूरला आणायचं होतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. कधी कुणाचं लग्न, कधी कापूस, कधी गुडघा अशी कारणं काढून तिनं ऑपरेशन पुढे ढकललेलं. आतोबा गेल्यापासून तर ती उंबरठाच सोडत नाही. या वेळी माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं, फोनवर अक्षरशः रडून होकार मिळवला होता. सोमवारी सकाळी दवाखान्यात हजर व्हायचं. बस तिला लागते, आणि परक्याच्या गाडीत ती बसत नाही. म्हणजे सगळी भिस्त आमच्या गाडीवर.

शनिवारी पहाटे नागपुरातल्या हुडकेश्वरहून निघालो. सावनेरला तर्रीपोहे खाल्ले. उन्हाळ्यात वरची झणझणीत तर्री जरा बेतानं घ्या, पुढे घाट आहे. सौंसरला चहापुरते आत्याकडे थांबलो. ती फाटकाशी येऊन गाडीवरून हात फिरवत म्हणाली, "काळी घेतली का वं? म्हशीवाणी दिसते."

गाडी निळी आहे. चांगली मोरपिशी निळी. त्या रंगासाठी मी नरेशशी भांडून दोन महिने जास्त थांबले होते. तो दुरुस्ती करायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्याला चिमटा काढला. एवढं कमी दिसत असेल असं वाटलंच नव्हतं.

घाट चढताना बॅटरी भराभर उतरते, घाबरू नका. छिंदवाड्यात एका हॉटेलच्या आवारात फास्ट चार्जर आहे, युनिटमागे वीसेक रुपये पडतात. आमचं चार्जिंग दोनदा आपोआप बंद पडलं. जाड केबलच्या वजनानं गाडीत खोचलेली गन खाली ओढली जात होती. नरेशनं ती हातानं वर उचलून धरली तेव्हा कुठे सुरू झालं. ऐंशी टक्क्यांना थांबलो, कारण पुढचे वीस टक्के फार वेळ खातात. ही शहाणपणाची गोष्ट आम्हाला महागात पडणार होती.

तामियाचं वर्णन मी करत नाही. दरीच्या काठावर बसा, मक्याची भाकर आणि टमाट्याची चटणी खा, आणि पातालकोटला नक्की जा. आम्ही गेलो, आणि तिथल्या चढ-उतारांनी बॅटरीचा निकाल लावला.

रविवारी परत छिंदवाड्याला आलो तर चार्जरचा पडदा काळाठिक्कर. ॲपवर मात्र तो खुशाल 'उपलब्ध' होता. हॉटेलचा चौकीदार म्हणाला, "सुबह से बंद है मैडम. ऊपरवालों को बोल दिया है."

"म्हणजे देवाला?" नरेश पुटपुटला.

एसी बंद करून, खिडक्या उघड्या टाकून घाट उतरलो. उतारावर गाडी स्वतःच थोडी चार्ज होते, त्या पुण्याईवर दुपारी सौंसर गाठलं. बॅटरी बारा टक्के. नागपूर सोडा, सावनेरही आलं नसतं. पण काळजी नव्हती. आत्याकडे पंधरा अँपिअरचं सॉकेट होतं, रात्रभर लावली की झालं.

लावली. सोबत आणलेल्या चार्जरवर लाल दिवा लागला.

काढून पुन्हा लावली, लाल. कूलर बंद केला, लाल. स्वयंपाकघरातल्या सॉकेटला लावून पाहिलं, लाल. नरेशनं माहितीपुस्तिका उघडली. "अर्थिंग मिळत नाहीये. जमीन कोरडी पडली की असं होतं. आत्या, अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?"

आत्या अंगणात मीटरखाली पाटावर बसून, हातानं चाचपत भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. "मले का मालूम जावईबापू? ते सारं तेच पाहत होते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "राहू दे न वं वैशू. असंही उन्हाळ्यात डोयाचं ऑपरेशन करत नाही म्हणते. दिवाळीनंतर पाहू." आवाजात चक्क आनंद होता. मला राग आला, आणि बाबांना काय तोंड दाखवायचं या विचारानं रडूही आलं.

नरेश घराभोवती खड्डा शोधत फिरत राहिला. मी आत्याजवळ बसले आणि काहीतरी बोलायचं म्हणून तिला फोनवर तामियाचे फोटो दाखवायला लागले. "ही दरी बघ."

"मस्त आहे वं," ती म्हणाली. "किती हिरवं आहे!"

फोनचा पडदा केव्हाच विझला होता.

मी गप्प झाले. तिला माझं गप्प होणं ऐकू आलं असावं. जरा वेळानं तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, उठली आणि आतून खडेमिठाचा डबा घेऊन आली. म्हणाली, "बादली भरून आण."

मग तिनं स्वतःचा पाट सरकवला. खाली फरशीचा तुकडा, आणि त्याखाली अर्थिंगचा खड्डा. भुईला भेगा पडलेल्या. दुपारभर ती त्याच्यावरच बसली होती! "तुझे आतोबा दर उन्हाळ्यात इथं मीठ-पाणी टाकत," ती म्हणाली.

"मग दुपारीच सांगितलं काहून नाही?"

"भेव लागत होतं वं मले. तिकडून परत आलीच नाही तं?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोन बादल्या तिनं आपल्या हातांनी ओतल्या. माती चुर्रकन पाणी प्यायली. अर्ध्या तासानं नरेशनं पुन्हा प्लग लावला.

"हिरवा झाला का वं?" आत्यानं विचारलं. "मले तं सारं पिवयंच दिसते."

झाला होता.

लांब जाणार असाल तर स्वतःचा चार्जर सोबत न्या, ॲपवर डोळे मिटून विसंबू नका, आणि मुक्कामाच्या घरी अर्थिंग कुठे आहे ते आधी विचारून ठेवा. खरं उत्तर मिळेलच असं नाही.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाल्यावर दुसऱ्या दिवशी आत्या काळा चष्मा कपाळावर सरकवून, ओरडा खाण्याच्या तयारीनंच आमच्या हुडकेश्वरच्या घराच्या पोर्चमध्ये गेली. गाडी चार्जिंगला लावलेली होती. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. मग मला हाक मारली.

"वैशू, हे तं निळी आहे वं!"

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. कितीतरी वर्षांनी नीट, चेहऱ्याकडे.

"मग सांगितलं काहून नाही?"