दुधी भोपळ्याची आंघोळ

नात घरी आली तेव्हापासून मी एकाच गोष्टीची वाट बघत होतो. तिची नाळ कधी गळते! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तोवर पाण्यात घालायचं नाही, ओल्या कपड्यानं पुसून काढायचं. पुसणं म्हणजे काय आंघोळ झाली? टेबल पुसतात तसं. पण ठीक आहे, म्हटलं, त्यांना कळतं. रोज उठलो की चहाच्या आधी सुनेला विचारायचो, "गळली का?" सून म्हणायची, "बाबा, गुड मॉर्निंग तरी म्हणा!"

मला घाई होती, कारण पहिली आंघोळ मला घालायची होती. पायावर घेऊन. हे काम खरं माझ्या बायकोचं. सुनेला दुसरा महिना होता तेव्हा ती गेली. दवाखान्यातल्या खाटेवरूनही सुनेला सांगायची, "माझ्या पायावर न्हाऊ घालीन, बघ कसं झोपतं ते." आणि बोलता बोलता चादरीखाली पाय सरळ करायची, जसं काही आत्ताच बाळ हातात देणार आहेत. मग ती गेली, आणि घरात कोणी त्या गोष्टीचं नाव काढेना. सुनेची आई यायची होती, तर तिचं नेमकं खुब्याचं ऑपरेशन निघालं. मुलानं एक निळा टब मागवला. सोबत प्लास्टिकचं बदक, त्याच्या पोटात थर्मामीटर. टब बघून माझं डोकंच फिरलं. बाळ आहे की बनियान, भिजत घालायला?

आता मला काय येत होतं ते सांगतो. अर्धं काम. मुलगा झाला तेव्हा आम्ही दिल्लीत नवीन होतो, सरकारी क्वार्टरात. मी साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर. बायकोची आई तिकडे विदर्भात, माझीही तिकडेच. गावाला बाप्या माणसाला कोणी त्या मोरीकडे फिरकू देत नाही, पण इथं दुसरं होतं कोण? ती पाय पसरून बसायची, पाणी ओतायला मी. मी तांब्या सरळ बाळावर उपडा केला की खेकसायची, "आधी माझ्या हातावर! हाताला सोसलं तर त्याला सोसेल." तेव्हा ओतणं मला पाठ. पाय मात्र तिचे होते.

म्हणून मी बाजारातून दुधी भोपळा आणला. इथं लौकी म्हणतात. भाजीवाला कोवळी काढून द्यायला लागला. म्हटलं, कोवळी नको, सगळ्यात गुटगुटीत दे. तो म्हणाला, "शादी है क्या, अंकल?"

दुपारी सून झोपलेली बघून बाथरूममध्ये शिरलो. पायजमा गुडघ्याच्या वर ओढला, जमिनीवर बसलो, पाय पसरले, लौकी नडग्यांवर ठेवली. देठाकडची बाजू पावलांच्या खोबणीत, ते डोकं. साबण लावला. तिच्याशी बोलतही होतो, खोटं कशाला सांगू. "अशी अशी, शहाणी माझी ती."

"बाबा?"

दारात सून.

"भाजी धुताय?"

"धुतोय," म्हटलं.

"साबणानं?"

मग तिला कळलं. दाराची चौकट धरून अशी हसली, अशी हसली! "बाबा, टाके दुखतात हो, प्लीज!" मुलगा धावत आला. म्हणाला, "थांबा, व्हिडिओ काढतो."

"काढ," म्हटलं, "मग तुझ्या फोनलाच न्हाऊ घालतो."

सून डोळे पुसत म्हणाली, "अच्छा, आता पालथी करून दाखवा."

मी ऐटीत लौकी पालथी केली, आणि ती सटकली! नडगीवरून घसरली ती सरळ फरशीवर. मधोमध तडकली. कोणी हसलं नाही. सून हळू आवाजात म्हणाली, "बाबा, टबच घेऊ. बिल्कुल टबच." आणि आत जाऊन पोरीला उराशी घेऊन बसली.

तिचं काय चुकलं? काही नाही. मला राग आला तो माझ्या पायांचा. नुसत्या दोन काठ्या.

रात्री तीच लौकी चण्याची डाळ घालून केली. साबण लागतो का बघत मुलगा जपून जेवत होता. मी मात्र घास हातात धरून आठवत होतो. बायको बसायची कशी? आणि एकदम ध्यानात आलं. तिच्या पायांवर काहीतरी असायचं! जुन्या सुती साडीची घडी. ओली झाली की पायाला चिकटून बसायची, मग बाळ हलत नसे. मी मेला सदा तांब्याकडे बघणारा.

तिचं कपाट मी उघडत नव्हतो. उघडलं की तिचा वास येतो, आणि मग पुढचा दिवस वाया जातो. त्या दिवशी उघडलं. वास आलाच. पिस्ता रंगाची, धुऊन धुऊन मऊ झालेली साडी काढली आणि कपाट लावून टाकलं.

सकाळी दुसरी लौकी. या वेळी सुनेला मीच हाक मारली. पायांवर साडीची घडी, वर लौकी, साबण, पाणी. पालथी केली. सुलटी केली. जाग्यावर! सुनेनं स्वतः ओढून बघितली.

"हलत नाही," ती म्हणाली. मग कपड्याला हात लावला. "आईंची ना?"

"हो."

घडीची एक सुरकुती सारखी केली. "कानात तेल घालायचं नाही."

"नाही."

"नाकातपण नाही. धुरीपण नाही."

"नाही म्हटलं ना! वकील आहेस का तू?"

"आणि बदक पाण्यात राहणार."

"राहू दे बाई तुझं बदक."

नाळ गळली त्या दिवशी नेमकं दाट धुकं. मी खिडकीपाशी शिव्या देत बसलो. पण दुसऱ्या दिवशी आमच्या दिल्लीतल्या द्वारकेवर काय ऊन पडलं म्हणता! काचा लावलेली बाल्कनी भट्टीसारखी तापली. मी साडी घालून बसलो. पायांवर घालून म्हणतो. बादलीत बदक तरंगतंय, मी कोपर बुडवून बघितलं, दोघांचं एकमत झालं. सुनेनं पोर माझ्या पायांवर ठेवली. लौकीला श्वास नव्हता हो! ही धडधडत होती. माझे पाय मात्र अगदी थिर.

सुनेनं तांब्या उचलला आणि सरळ पोरीवर धरला.

"आधी माझ्या हातावर!" मी खेकसलो.

सून आणि दारात उभा मुलगा, दोघंही माझ्याकडे बघायला लागले. शब्द माझे नव्हते, आवाजसुद्धा माझा वाटला नाही मला. सुनेनं माझ्या हातावर पाणी सोडलं. कोमट. तिथून ते पोरीच्या पाठीवर ओघळलं. ती रडायला तोंड उघडून थांबली, विचार केला, आणि माझ्या पायावर मुतली. वरून विमान गेलं तरी दचकली नाही. पुसून गुंडाळेपर्यंत गाढ झोपली. बघ कसं झोपतं ते, असं बायको म्हणाली होती. बघितलं.

मी भिंत धरून उठलो आणि साडी पिळून दोरीवर टाकली. सून पोरीला खांद्यावर घेऊन तिथंच उभी होती.

"बाबा, साडी आत घेऊन वाळवा," ती म्हणाली. "इथलं ऊन आता जाईल, मग धुक्यात उद्याच्या आंघोळीपर्यंत वाळायची नाही."