अक्काच्या गाडीतला एअरबॅगचा दिवा

आमच्या घरात भुतं नाहीत. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक गोदावरीत सोडले, आणि आजी म्हणायची, देवांच्या मागोमाग भुतंही गेली. त्यात मी ऑटो इलेक्ट्रिशियन. वायर एकतर जोडलेली असते नाहीतर तुटलेली, मधलं काही नसतं... असं मी आत्ताआत्तापर्यंत सगळ्यांना ऐकवायचो. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

मांजरसुंब्याच्या चौकातून बीडकडे निघालात की ढाब्यांची रांग संपते, तिथे माझं गॅरेज आहे. फक्त वायरिंगचं काम. माझी अक्का, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, सिरसाळ्याजवळच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. आयटीआयला मी तिच्याच खोलीवर राहून शिकलो. अडलेल्या बाईसाठी ॲम्ब्युलन्स वेळेवर येईलच असं नाही, म्हणून चाळिशी उलटल्यावर ती गाडी शिकली. मग एक जुनी लाल गाडी घेतली. घेताना तिने मला फोनवरून इंजिनचा आवाज ऐकवला, आणि मी मोठ्या तोऱ्यात "घे" म्हणालो.

दोन महिन्यांनी तिचा फोन. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागतोय आणि विझत नाही.

हा दिवा मला मनापासून आवडतो. चावी फिरवली की तो पाच-सहा सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी स्वतःच एअरबॅगचं सर्किट तपासते, आणि सगळं ठीक असेल तर दिवा विझतो. नाही विझला तर बिघाड आहे, आणि कुठला ते स्कॅनरवर कोड होऊन दिसतं. रविवारी अक्का आली, मी स्कॅनर लावला — एकही कोड नाही. त्या मॉडेलला एअरबॅग एकच, ड्रायव्हरपुरती. तिचं रीडिंग दोन ओहम, अगदी हवं तेवढंच. तरी दिवा लागलेला. अक्काला उतरवून मी बसलो, चावी फिरवली... विझला. ती बसली, पुन्हा लागला.

आधी मला हसूच आलं. स्टिअरिंगखालचा एअरबॅगचा पिवळा कनेक्टर साफ केला. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून रीडिंग हलतंय का ते पाहिलं. त्या सीटला वजनाचा सेन्सर नाहीच, तरी गव्हाचं पोतं ठेवून पाहिलं. शेजारच्या ढाब्यातल्या मावशींनाही बसवलं, त्या उगाच लाजल्या. दिवा वेळच्या वेळी विझायचा. अक्का बसली की मात्र हटून लागलेला. असे तीन रविवार गेले.

तिसऱ्या रविवारी मी हात टेकले. म्हटलं, स्कॅनर क्लीन आहे, बल्बच काढून टाकतो.

"पेशंट म्हणतो दुखतंय अन् रिपोर्ट नॉर्मल आला, तर मी त्याला घरी धाडत न्हाई," अक्का म्हणाली. "हात लावून बघते. तू बघितलंस का हात लावून?"

नव्हतं बघितलं. एअरबॅगला थेट मीटर लावत नाहीत, फुटू शकते, म्हणून आम्ही सगळेच स्कॅनरवर विसंबतो. बॅटरीची निगेटिव्ह काढली, दहा मिनिटं थांबलो आणि स्टिअरिंगच्या मधलं कव्हर उघडलं.

आत एअरबॅग नव्हती.

तिच्या जागी आतल्या पिवळ्या कनेक्टरला दोन ओहमचा एक रेझिस्टर डकवलेला होता. तो बसवला की गाडीला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, आणि दिवा विझतो. वर कापडी टेप. टेपचं टोक दुमडून छोटासा कान ठेवलेला, पुढच्या वेळी नखाने सुटावा म्हणून. असा कान ठेवायची खोड माझी आहे.

चार वर्षांपूर्वी अपघातातून आलेली एक पांढरी गाडी होती. एअरबॅग फुटून गेलेली. मालकाला ती विकायची होती, तेवढा दिवा विझवून दे म्हणाला. मी विझवला. ती गाडी लाल रंग लावून, दोन हात फिरून माझ्याच बहिणीकडे आली होती. मागच्या सीटवर गरोदर बायका घेऊन ती त्यातून फिरत होती.

आधीच्या कुणीतरी केलंय, असं सांगून सुटता आलं असतं. पण ती समोरच उभी होती. मी सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. तो रेझिस्टर तिने तळहातावर घेतला.

"आजून किती गाड्यांत हाय हे?"

"तीन."

"मग हुडक."

बस, एवढंच बोलली. आपण थोडक्यात वाचलो हे तिच्या मनातही आलं नाही, पहिली आठवण झाली ती कधी न पाहिलेल्या तीन माणसांची. मला माझ्या बहिणीचा लई अभिमान वाटतो, आणि तेवढीच स्वतःची लाज.

नवी एअरबॅग बसवली. अक्का बसली, चावी फिरवली, दिवा लागला आणि पाच सेकंदांत विझला. वर्ष होत आलं, पुन्हा कधी अडून राहिला नाही. माझ्याहून जाणत्या दोघा-तिघांना विचारलं, ते म्हणाले लूज कनेक्शन असेल. असेलही... पण लूज कनेक्शन माणूस ओळखतं का? अक्काला विचारलं तर म्हणते, "गाडीला तुझ्यापेक्षा जास्त लाज हाय."

तीनपैकी दोन गाड्या सापडल्या, दोन्हींत एअरबॅग बसवून दिल्या. तिसरी राखाडी, गेवराईकडे विकली गेली, पुढे माग लागत नाही. ही पोस्ट तिच्यासाठीच. त्या बाजूला कुणी जुनी राखाडी गाडी घेतली असेल तर जाणकाराकडून स्टिअरिंग उघडून बघा. आत टेपला दुमडलेला कान दिसला तर ते काम माझं, गाडी माझ्याकडे आणा. दिवा लागायची वाट बघू नका. अक्काच्या गाडीत तो का लागला हे मला आजही माहीत नाही, मग तुमच्या गाडीत लागेल असं कशाच्या भरवशावर सांगू? मी तो फार चांगला विझवलेला आहे.