बाबली धुरीची शपथ

कुडाळ स्टेशनवर उतरणाऱ्या पाहुण्यांना बाबली धुरी माहीत आहे तो पक्षी दाखवणारा माणूस म्हणून. गावातल्या जुन्या माणसांना मात्र तो अजून गलोलवाला बाबलीच वाटतो, आणि त्यांचं काही चुकत नाही. विशीत त्याने काय मारलं नव्हतं! हरियल, कवडे, रानकोंबड्या. उडतं ते खाता येतं, एवढंच त्याचं पक्षिशास्त्र.

मग एका उन्हाळ्यात त्याच्या वडिलांचे गुडघे धरले. गरुडाचं तेल चोळा, उतार पडेल, असं कुणीतरी सांगितलं. गरुड म्हणजे पुस्तकातला धनेश; आमच्याकडे त्याला गरुडच म्हणतात. बाबली देवाच्या राईतल्या बेहड्यावर चढला, ढोली फोडली आणि आतली मादी पिल्लासकट काढून आणली. तेल निघालं. गुडघे होते तसेच राहिले. आणि नर मात्र पुढे आठ दिवस चोचीत उंबरं घेऊन त्या फुटक्या ढोलीपाशी येत राहिला. बाबली रोज खालून ते बघत होता. त्याने देवळात जाऊन बाबू गुरवासमोर नारळ ठेवला आणि शपथ घेतली, "ह्या राईतल्या गरुडाच्या ढोलीक परत हात लावूचंय नाय."

ती शपथ त्याने तीस वर्षं पाळली. एवढंच नाही, तिच्यावरच त्याचं पुढचं आयुष्य उभं राहिलं. मारणारा माणूस दाखवणारा झाला. अब्दुलची जीप पाहुण्यांना घेऊन यायची. पहाटे खाडीकाठी खंड्या, ऊन चढायच्या आत राई, दुपारी त्याच्या बायकोच्या, सरलावहिनींच्या हातचं जेवण, आणि चारनंतर घाट चढून वरच्या सड्यावर. एवढ्या तंगडतोडीनंतर शहरातले लोक वाटेत जिथे जागा मिळेल तिथे बसकण मारायचे आणि बाबली त्यांची मनसोक्त थट्टा करायचा. राईत शिरलं की मात्र त्याचा आवाज खाली यायचा. बेहड्याकडे बोट दाखवून तो ठेवणीतल्या मराठीत सांगायचा, "मादी आत बसते आणि दार लिंपून घेते. पिसं गाळते, त्यामुळे उडता येत नाही. एक फट ठेवते. नर जे आणून देईल त्यावर ती आणि पिल्लू जगतात."

गेल्या एप्रिलात एका सकाळी अब्दुल एकटाच आला. हातात गोणपाट होतं.

"बाबल्या, रस्त्याकडेच्या लायटीच्या तारेखाली मेललो गावलो. तुझोच मां रे ह्यो?"

बाबलीने गोणपाट उघडलं. चोचीवरच्या शिंगाला खाच होती. बेहड्यावरचाच नर. ढोलीत मादी होती, आणि दहा-बारा दिवसांपासून पिल्लाचा आवाजही येत होता.

सरलावहिनी एका शब्दात मोकळ्या झाल्या. "चढ."

"शपथ आसा माझी. गुरवान कौल लावन देवाक इचारल्याशिवाय कसो चढू?"

"मगे गुरवाक इचार."

गुरव मसुऱ्याला गेलेला. त्याच्या मुलीचं लग्न होतं, चौथ्या दिवशी येणार होता. अब्दुल म्हणाला, "गाडी आसा. चल, तासाभरात मसुऱ्याक पोचतलंव." बाबलीने मान हलवली. "चेडवाच्या मांडवात जावन पाखराची गजाल काढू? काय म्हणतलो तो?" दुसऱ्या कुणाला चढवावं म्हटलं, तर त्या उंचीवर जाणारी तरणी पोरं सगळी गोव्यात कामाला.

आणि शिवाय बाबलीला एक गोष्ट ठाऊक होती, तीच तो स्वतःला दिवसभर सांगत राहिला. भूक असह्य झाली की मादी आपणच दार फोडून बाहेर येते.

दुसऱ्या दिवशी बेहड्याखाली उभा असताना त्याला वरून टकटक ऐकू आली. ती दार फोडत होती! बाबली धावत घरी आला आणि लहान मुलासारखा हसत सुटला. "सांगललंय मां तुका? ती भायर येता." सरलावहिनींनी टोपलीत उंबरं भरली. त्यांनी बांबूला बांबू बांधून ती वर पोचवायचा प्रयत्न केला. दोन पुरुष उंची कमीच पडली. उंबरं त्यांच्याच डोक्यावर सांडली.

तिसऱ्या दिवशी टकटक होती, पण मध्येच थांबायची. उन्हाने लिंपण दगडासारखं झालं होतं. बाबली संध्याकाळपर्यंत तिथून हलला नाही. एकदा त्याने बुंध्याला हातही घातला. मग देवळाच्या दिशेला बघितलं आणि हात मागे घेतला.

चौथ्या दिवशी टकटक नव्हती. फक्त पिल्लाचा बारीक आवाज.

दुपारी गुरव एस.टी.तून उतरला, तो बाबली रस्त्यातच त्याच्या पायांशी. लग्नाचा फेटा अजून पिशवीतून डोकावत होता. गुरवाने सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"कौल कित्याक होयो होतो रे? मारूचंय नाय म्हणान शपथ घेतलंस तू. वाचवूचंय नाय, असा खंय सांगललंस देवाक? मी होतंय मां थंय."

बाबली उठला तो धावतच सुटला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण बेहड्यावर असा चढला की खाली उभ्या अब्दुलने डोळे मिटून घेतले. कोयत्याच्या मुठीने त्याने लिंपण फोडलं. आतून तिने बरंच कोरलेलं होतं. डोकं बाहेर येईल एवढं भोक पडलं होतं. ती त्या भोकाशीच मरून पडली होती. छातीचं हाड वर आलेलं, अंगावर मुंग्या. तिच्या खाली पिल्लू होतं, हाताला अजून उबदार लागत होतं.

त्याने ते सदऱ्यात घालून खाली आणलं. सरलावहिनींनी उंबर कुस्करून बोटाने भरवलं. पिल्लाने चोच उघडली, एक घास गिळला, दुसऱ्याला उघडलीच नाही. दिवेलागणीच्या आत ते वहिनींच्या पदरातच मेलं. त्या बाबलीवर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सांगलीचे तिघे आले. त्यांनी महिनाभर आधी सांगून ठेवलेलं, धनेशाचं घरटं बघायचंय. अब्दुल म्हणाला, परत पाठवतो. बाबली म्हणाला, नको. तो त्यांना बेहड्याखाली घेऊन गेला आणि सगळं सांगितलं. नर, तार, चार दिवस. वर भगदाड पडलेली ढोली दिसत होती. त्यांच्यातल्या बाईंचे डोळे भरून आले. त्या समजुतीने म्हणाल्या, "काका, मनाला लावून घेऊ नका. निसर्गच आहे. तुम्ही तरी काय करणार होतात?"

बाबलीने वर बघितलं नाही.

"चढायचं होतं, बाई," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी चढता आलं असतं."