काकांचा आडवा हात

"थांबा, आधी मी," म्हणत काका उजवा हात आडवा धरायचे आणि आपल्याला मागे सारून दारातून आत घुसायचे. दार कुणाचंही असो.

लक्ष्मीबाई नगरात ते आमच्या वरच्या मजल्यावर, मुलीकडे राहत. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. गेल्या हिवाळ्यात वारले, पण माझा वैताग अजून गेलेला नाही. लिफ्ट, बँक, दवाखाना, सगळीकडे तोच हात. मेट्रोत एक बाई ओरडली, "अंकल, लेडीज़ को तो जाने दो!" काका आत शिरले, एकदा वर पाहिलं आणि म्हणाले, "हां, अब आइए." मी लाजेनं दुसऱ्या डब्यात चढलो. तुमच्याही शेजारी असं कुणी असेल, तर माझे हाल तुम्हाला कळतील.

कहर झाला माझ्या मुलाच्या लग्नात. नवी सून उंबऱ्याशी उभी, पाऊल उचललेलं, फोटोग्राफर तयार. आणि काका हात आडवा घालून आत! माप लवंडलं, तांदूळ त्यांच्या चपलेखाली. बायको म्हणाली, "उद्या वर जाऊन स्पष्ट बोला, नाहीतर मी बोलते."

गेलो. काका मटार सोलत बसले होते. मी तावातावानं म्हटलं, "काका, हा काय प्रकार आहे? सुनेच्या आधी तुम्ही?"

"चुकलंच," ते म्हणाले. मटार सोलणं चालूच. "खाणीत मी मायनिंग सरदार होतो. सुरुंग उडाला की आधी सरदारानं आत जायचं, काठीनं छत ठोकून बघायचं, मग बाकीच्यांनी. एकदा माझा एक माणूस म्हणाला, डबा आत राहिला, घेऊन येतो. मी म्हटलं, जा. छत त्याच्यावर आलं."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"त्याच्या जागी त्याच्या बायकोला नोकरी दिली. आमचे टोपीवरचे दिवे द्यायच्या खिडकीवर. निवृत्त होईपर्यंत माझा दिवा मी तिच्याच हातून घेतला."

"अहो, मग बदली मागायची ना!"

"मिळाली होती. गेलो नाही. मी तोंड चुकवतोय, असं तिला वाटलं असतं."

"ती काही बोलायची?"

"नाही." काकांचे हात पहिल्यांदाच थांबले. "बाकीच्यांचे दिवे तसेच देऊन टाकायची. माझा मात्र लावून बघायची, मग द्यायची."